प्लेट ग्रुपचे रन

नागपूरच्या जामठा स्टेडियमच्या गेटवर मामाची संत्री अडवली. पिशवीत आठ-दहा असतील, मृग बहाराची, निघताना मामीनं हातात कोंबलेली, आणि सिक्युरिटीचा पोरगा म्हणे काका फळं आत नाही नेता येत, लोक फेकून मारतात. मामा वाद घालणाऱ्यातला नाही. आम्ही बाजूला जराशी सावली बघितली आणि तिथंच उभं राहून सगळी सोलून खाल्ली, दोन त्या पोरालाच दिली, साली परत पिशवीत भरल्या. २२ फेब्रुवारी २०११, मंगळवार, वर्ल्ड कप, इंग्लंड विरुद्ध नेदरलँड्स. फेब्रुवारी संपत आला की नागपुरात दुपार अंगावर यायला लागते, वर्धा रोडवरून येणारा वारा गरम झाला होता आणि माझे हात संत्र्याच्या वासानं भरलेले होते, तो वास दिवसभर गेला नाही.

मी ऑफिसातून सुट्टी टाकून गेले होते ती खरं म्हणजे मामासाठी. मामा आयुष्यभर बँकेत कॅशियर आणि रविवारी नागपुरातल्या क्लब मॅचेसचा स्कोअरर, पैसे मिळोत न मिळोत. कुठंही गेला तरी सोबत ते लांबडं स्कोअरबुक, टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि खोडरबर. टीव्हीवरच्या मॅचचा स्कोअर तो कधीच लिहीत नाही, म्हणतो समोर दिसतंय तेच लिहायचं. त्या स्कोअरबुकच्या शेवटच्या पानावर त्यानं एक यादी ठेवलीय, ज्यांची सेंच्युरी त्यानं स्वतःच्या हातानं लिहिली अशांची नावं. त्यात कॉलेजची पोरं आहेत, रेल्वेत लागलेले आहेत, रणजीवाले आहेत. मला लहानपणी ती यादी पाठ होती.

टॉस नेदरलँड्सनं जिंकला, बॅटिंग घेतली. संत्र्याच्या रंगाची टीम संत्रानगरीत आली म्हणजे आपले पाहुणेच की, असं मामा म्हणाला आणि त्या एका वाक्यावर आमची बाजू ठरली. (तो रंग फळाचा नाहीच मुळी, त्यांच्या ऑरेंज-नासाऊ राजघराण्याचा आहे, हे मला बरंच नंतर कळलं. मामाला सांगितलं तर म्हणाला असेना, दिसतो तर संत्र्याचाच.)

चार नंबरला आला तो रायन टेन डुस्काटे. हे नाव मी तेव्हा नीट म्हणूही शकत नव्हते, इंग्लिश स्पेलिंग बघून आपण जे काय म्हणतो ते सगळं चुकीचंच निघतं. वय तीस. समोर अँडरसन, ब्रॉड, स्वान, ब्रेस्नन. आमच्या स्टँडमध्ये मागे बसलेली पोरं इंग्लंडच्या प्लेअर्सची नावं घेऊन ओरडत होती, केशरी टीममधलं एकही नाव कुणाला येत नव्हतं. आधी तर तो नुसता उभा राहिला. एक घे, दोन घे, स्वानला नीट पायात येऊन खेळ, कुठंही घाई नाही. स्वाननं त्या दिवशी १० ओव्हरमध्ये ३५ रन देऊन दोन विकेट काढल्या, म्हणजे पिच काही आंधळी धुलाई करायची नव्हती. आणि मग डाव पुढं सरकला तसा त्यानं पाय मोकळे केले आणि त्या मोठ्या बाउंड्रीच्या ग्राउंडवर बॉल लांब जायला लागला. ११० बॉलमध्ये ११९, नऊ फोर, तीन सिक्स. अँडरसनला १० ओव्हरमध्ये ७२ पडले. मागच्या पोरांनी तोवर त्याचं नाव आपल्या पद्धतीनं 'टेंडुलकर' करून टाकलं होतं आणि प्रत्येक फोरला तेच चालू होतं. मामा मान वर न करता लिहीत होता. सेंच्युरी झाली तेव्हा मात्र त्यानं पेन्सिल कानावर ठेवली, उभा राहिला, टाळ्या वाजवल्या, परत बसला.

नेदरलँड्स ६ बाद २९२. इंग्लंड जिंकलं, पण आठ बॉल राखून, आणि मॅन ऑफ द मॅच टेन डुस्काटेच, कारण ११९ वर त्यानं दोन विकेटही काढल्या होत्या. हरलेल्या टीमच्या माणसाला ते मिळताना मी पहिल्यांदाच समोर बघितलं. परत येताना गाडी मिळायला खूप वेळ लागला, रस्त्याच्या कडेला उभं राहून मामा म्हणाला, अगं, ह्या माणसाचा ॲव्हरेज काय असेल गं, बघ ना मोबाईलमध्ये.

मी बघितला आणि माझा विश्वासच बसेना.

हाच आकडा मला तेव्हापासून सोडत नाहीये. त्याचं वनडे करिअर संपलं तेव्हा हिशोब असा होता: ३३ मॅच, १५४१ रन, पाच सेंच्युरी, ॲव्हरेज बरोब्बर ६७. शिवाय ५५ विकेट, त्याही २४ च्या सरासरीनं. वनडेत हजारच्या वर रन केलेल्यांत तोपर्यंत कुणाचाच ॲव्हरेज एवढा नव्हता, आपण ज्याला वनडेचा सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणायचो तो मायकेल बेव्हनसुद्धा ५३ वर थांबला. पण हा ६७ कुणासमोर बोला, पहिलं वाक्य ठरलेलं असतं. हो पण कुणाविरुद्ध केले? बर्म्युडा, कॅनडा, केनिया, स्कॉटलंड. म्हणजे रन झालेत ते मान्य, पण त्यातले थोडे कापून घ्या.

हे कापून घेणं विदर्भातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमची टीम वर्षानुवर्षं रणजीच्या प्लेट ग्रुपमध्ये, म्हणजे खालच्या गटात, होती. तिथं कुणी सीझनमध्ये सातशे-आठशे रन केले तरी सिलेक्शनची गोष्ट निघाली की तेच, अरे पण प्लेट ग्रुपमध्ये ना. जणू प्लेट ग्रुपमध्ये बॉल हळू पडतो आणि एलबीडब्ल्यू देत नाहीत. मामाच्या यादीत आमच्या विदर्भाचा फैज फजल आहे. फैजला २०१६ साली हरारेमध्ये भारताकडून एक वनडे मिळाली, त्यानं नाबाद ५५ केले, आणि ती त्याची शेवटची वनडे. एक मॅच, एक फिफ्टी, ॲव्हरेज काढताच येत नाही कारण आउटच झाला नाही. त्या दिवशी मामा जेवला नव्हता नीट, म्हणजे आनंदानं, आणि नंतर महिनोनमहिने पेपरात टीम जाहीर झाली की आधी फैजचं नाव शोधायचा.

म्हणून मला टेन डुस्काटे परका वाटत नाही. त्याची कहाणी मी नंतर तुकड्यातुकड्यानं गोळा केली, आणि जितकी गोळा केली तितकं वाटत गेलं की हा आपला प्लेट ग्रुपवालाच आहे, फक्त जगाच्या प्लेट ग्रुपमधला.

जन्म साउथ आफ्रिकेत, पोर्ट एलिझाबेथला, ३० जून १९८०. डच पासपोर्ट होता म्हणून २००३ मध्ये इंग्लंडमध्ये एसेक्स काउंटीकडून खेळायची वाट मोकळी झाली, आणि त्याच पासपोर्टमुळे नेदरलँड्सकडूनही. वनडे डेब्यू ४ जुलै २००६ ला ॲम्स्टेलव्हीनला, श्रीलंकेविरुद्ध. त्या दिवशी श्रीलंकेनं किती केले माहितीये? ९ बाद ४४३, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. जयसूर्या १५७, दिलशान नाबाद ११७. म्हणजे पहिल्याच दिवशी आंतरराष्ट्रीय क्रिकेटनं त्याला आणि त्याच्या टीमला उन्हात पन्नास ओव्हर पळवलं. एखादा म्हणाला असता बाबा काउंटी बरी. हा त्याच वर्षी इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये, म्हणजे असोसिएट, टेस्टचा दर्जा नसलेल्या टीम्सच्या चार दिवसांच्या मॅचेसमध्ये, सेंच्युऱ्यांवर सेंच्युऱ्या मारत सुटला, प्रिटोरियात कॅनडाविरुद्ध नाबाद २५९. असोसिएट प्लेअर ऑफ द इयरचं आयसीसीचं बक्षीस त्याला तीनदा मिळालं, २००८, २०१०, २०११. त्या बक्षिसाच्या नावातच ती कात्री आहे बघा. प्लेअर ऑफ द इयर, पण असोसिएट.

पुढचा वर्ल्ड कप २००७ चा, सेंट किट्सला साउथ आफ्रिकेविरुद्ध, हर्शेल गिब्सनं डान व्हॅन बुंगेच्या एका ओव्हरमध्ये सहा सिक्स मारले ती मॅच. जगाला त्या मॅचमधलं तेवढंच आठवतं. ज्याला सहा पडले त्याचं नाव जन्मभरासाठी त्या क्लिपला चिकटलं. छोट्या टीमच्या माणसाचं असं होतं, वर्षभर घाम गाळतो, पण जग त्याला बघतं ते कुठल्यातरी मोठ्याच्या हायलाइट्समध्ये.

पण मग लॉर्ड्स. ५ जून २००९, टी-ट्वेन्टी वर्ल्ड कपची पहिलीच मॅच, इंग्लंडचं घर, इंग्लंडचे ५ बाद १६२. टॉम डी ग्रूथनं ३० बॉलमध्ये ४९ मारून पाया घातला आणि शेवटच्या ओव्हरला क्रीजवर टेन डुस्काटे आणि एडगर शिफर्ली, हवेत सात, बॉलर स्टुअर्ट ब्रॉड. शेवटच्या बॉलला दोन हवेत. शिफर्लीनं बॉल ब्रॉडकडेच मारला आणि दोघं पळाले. ब्रॉडनं उचलून स्टंपवर फेकला, तो बसला असता तर मॅच तिथंच संपली असती, पण नेम चुकला, बॉल पुढं निघून गेला आणि ओव्हरथ्रोवर दुसरा रन. मी ती क्लिप किती वेळा बघितलीय त्याला हिशोब नाही. दुसऱ्या रनसाठी जीव तोडून पळतात आणि मग दोन केशरी माणसांना क्षणभर काय करायचं तेच कळत नाही, आणि मग सगळी टीम बाहेरून धावत आत येते. टेन डुस्काटे नाबाद २२. आकडा छोटा आहे, पण शेवटपर्यंत थांबणारा तोच होता.

आता ती दुसरी गोष्ट, जी लोक लगेच काढतात. अहो पण तो डच कुठं, साउथ आफ्रिकन ना तो? २०११ च्या त्या टीममध्ये कॅप्टन पीटर बोरेन मूळ न्यूझीलंडचा, टॉम कूपर ऑस्ट्रेलियाचा. मला ह्यात काही खटकत नाही आणि मी हे विचार करून म्हणते. वसीम जाफर मुंबईचा, हाडामांसानं मुंबईचा, पण विदर्भाकडून आला, चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले आणि २०१७-१८ ला आम्ही पहिल्यांदा रणजी जिंकलो, पुढच्या वर्षी परत जिंकलो, ह्याच जामठ्यावर, आणि त्या दुसऱ्या वर्षी जाफरनं हजारावर रन केले. नागपुरात कुणी म्हणेल का की ते रन आमचे नाहीत? माणूस कुठल्या टीमसाठी उन्हात उभा राहतो ते बघायचं. टेन डुस्काटेला काउंटीत चांगले पैसे होते, २०११ च्या आयपीएल लिलावात केकेआरनं दीड लाख डॉलरला घेतलेलं होतं, तरी नेदरलँड्ससाठी तो नैरोबी-टोरंटोसारख्या ठिकाणी, जिथं प्रेक्षक म्हणजे प्लेअर्सच्या घरचे आणि कुत्र्याला फिरवायला आलेले लोक, तिथं जाऊन खेळला. त्यातून काय मिळणार होतं त्याला?

२०१८ च्या उन्हाळ्यात मी मावसबहिणीकडे ॲम्स्टेलव्हीनला गेले होते. तिथं आपले लोक इतके आहेत की दुकानात कढीपत्ता संपलेला असतो. तिला म्हटलं मला क्रिकेटचं ग्राउंड दाखव, ती म्हणाली एवढ्या लांबून येऊन हेच? ॲम्स्टरडॅमसे बोस म्हणून मोठं जंगल आहे, त्याच्या आत व्हीआरए क्लबचं ग्राउंड. १९९९ च्या वर्ल्ड कपची एक मॅच इथं झाली, श्रीलंकेचे ते ४४३ पण इथलेच. मी मनात जामठा धरून गेले होते आणि समोर चहूबाजूंनी उंच झाडं, छोटंसं पॅव्हेलियन, बाकं, डोक्यावरून शिफोलला उतरणारी विमानं इतकी खाली की चाकं दिसतात. क्लबची मॅच चालू होती, बॉलर हिंदीत ओरडत होता, विकेटकीपर डचमध्ये. तिथं एक म्हातारे आजोबा स्कोअर लिहीत बसलेले, कागदावर, पेन्सिलीनं. माझ्या पोटात कालवलं एकदम. त्यांना मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये सांगितलं की तुमच्या माणसाचे ११९ मी नागपूरला बघितलेत, आणि नाव घेतलं, माझ्या पद्धतीनं. त्यांनी आधी ऐकून घेतलं, मग हळूच दुरुस्त केलं, डुस्काटे, आणि मला तीनदा म्हणायला लावलं. नंतर म्हणाले इथल्या बऱ्याच क्लबांत अजून मॅटवरच खेळतात, मे ते सप्टेंबर एवढाच सीझन, त्यात निम्मा पाऊस. त्यांच्या क्रिकेट बोर्डाची स्थापना १८८३ ची आहे, म्हणजे खेळ काही काल आलेला नाही तिकडं, दीडशे वर्षं होत आली, १९६४ ला तर त्यांनी हेगमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवलंय. पण कुणाला सांगायचं.

२०११ कडे परत येते, कारण खरी टोचणी तिथंच आहे. नागपूरनंतर नेदरलँड्स सगळ्या मॅच हरत गेलं. शेवटची मॅच १८ मार्चला ईडन गार्डन्सवर, आयर्लंडविरुद्ध. टेन डुस्काटे १०६. परत टीमचे भरपूर रन, ३०६, आणि परत हार, पॉल स्टर्लिंगनं ७२ बॉलमध्ये १०१ ठोकले आणि आयर्लंडनं आरामात केले. ही सेंच्युरी त्याची शेवटची वनडे. तीस वर्षांचा माणूस, शेवटच्या वनडेत ईडनवर १०६, ॲव्हरेज ६७, आणि त्यानंतर एकही वनडे नाही.

२ एप्रिलला वानखेडेवर धोनीचा तो सिक्स पडला, आपण सगळे रस्त्यावर नाचलो, मीही नाचले. त्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईतच आयसीसीची मीटिंग झाली आणि ठरलं की पुढच्या वर्ल्ड कपला दहाच टीम, असोसिएट बाहेर. आरडाओरडा झाला म्हणून जूनमध्ये तो निर्णय फिरवला, पण २०१९ ला दहाच केल्या. आपल्या जल्लोषाच्या आवाजात ती बातमी कुणाला ऐकूच आली नाही. २०१४ च्या सुरुवातीला क्वालिफायरमध्ये घसरले आणि नेदरलँड्सचा वनडे दर्जाच गेला, तो २०१८ पर्यंत परत आला नाही. म्हणजे ह्या माणसाची तिशीतली चार वर्षं, त्याला खेळायचं असतं तरी खेळायला वनडे नव्हतीच. रन कापून घेणं एक वेळ समजू शकते मी, पण इथं तर रन करायची जागाच काढून घेतली, आणि वर परत विचारायचं, कुणाविरुद्ध केलेस?

त्यानं काय केलं, तर काउंटीत राहिला. एसेक्समध्ये त्याला टेंडो म्हणतात. २०१६ ला कॅप्टन झाला, टीम दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आली आणि २०१७ ला थेट चॅम्पियन, १९९२ नंतर पहिल्यांदा. एकही मॅच न हरता. २०१९ ला परत. इंग्लंडचा इतकी वर्षं कॅप्टन असलेला ॲलिस्टर कुक तिथं ह्याच्या कॅप्टन्सीखाली ओपनिंगला जायचा. एसेक्सनं कप उचलला सप्टेंबर २०१७ मध्ये आणि आमच्या विदर्भानं १ जानेवारी २०१८ ला, हे दोन्ही मी एकाच आठवणीत ठेवते, माझ्या लेखी ती एकच बातमी आहे. फर्स्ट क्लासमध्ये त्याचे अकरा हजारांवर रन आहेत, आणि हे काही सगळे कॅनडाविरुद्धचे नाहीत.

नेदरलँड्सकडून टी-ट्वेन्टी खेळायला तो नंतर परत आला. २०२१ च्या वर्ल्ड कपला अबू धाबीत आयर्लंडच्या कर्टिस कॅम्फरनं चार बॉलमध्ये चार विकेट घेतल्या, त्यातली एक ह्याची, पहिल्याच बॉलवर पायचीत. एक्केचाळीस वर्षांचा होता. ती स्पर्धा संपली आणि तोही थांबला. मला वाईट वाटलं, पण फार नाही. मला नागपूरचं माहीत होतं.

केकेआरमध्ये गंभीर कॅप्टन असताना हा होता, २०१४ ची फायनल खेळला, त्या अकरात आपला सूर्यकुमारही होता. पुढे केकेआरचाच फील्डिंग कोच झाला, २०२४ ला गंभीर मेंटॉर असताना ते जिंकले, आणि त्याच वर्षी गंभीर भारताचा कोच झाला तेव्हा ह्याला असिस्टंट म्हणून घेऊन आला. पहिली सिरीज श्रीलंकेत, टी-ट्वेन्टीचा नवा कॅप्टन सूर्यकुमार. ज्या माणसाला आम्ही आंतरराष्ट्रीय क्रिकेटच्या प्लेट ग्रुपमध्ये बघितलं तो आता कोहली-रोहितला नेट्समध्ये काय चुकतंय ते सांगणार. मामाला फोन केला तर तो बराच वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, मग आता त्याचे रन मोजतील का गं?

६ फेब्रुवारी २०२५. जामठा, वनडे, आणि समोर परत इंग्लंड. चौदा वर्षं झाली होती. मामा आता शहात्तरचा, गुडघे गेलेत, त्या पायऱ्या चढणं शक्य नाही. मी पुण्याहून मुद्दाम गेले, एकटी. ह्या वेळी स्टेडियम भरलेलं, सगळीकडे निळं. टॉसच्या आधी वॉर्मअप चालू असताना बाउंड्रीजवळ उभा असलेला तो दिसला, निळ्या ट्रेनिंग जर्सीत, हातात बॅट, पोरांना कॅच देत होता. बारीक मारायचा, मग एकदम उंच. आजूबाजूला सगळे रोहित रोहित करत होते.

मी मामाला फोन लावला. दिसतोय म्हटलं. कुठल्या एन्डला, त्यानं विचारलं. मी सांगितलं. थांब, म्हणाला, आणि मला मागे कपाट उघडल्याचा आवाज आला, मामीचं काय शोधताय एवढ्यात असं विचारणं, पानं उलटल्याचा आवाज. मग चष्मा सापडेना, मग सापडला. आणि मग मामानं त्या दिवशीचं पान समोर धरून त्याच्या नावापुढची ओळ वाचायला घेतली, टिंब म्हणजे टिंब, एक म्हणजे एक, पहिल्या बॉलपासून, कुणाच्या बॉलिंगवर ते सांगत सांगत. स्टेडियममध्ये गाणी जोरात लावली होती म्हणून मी दुसरा कान हातानं दाबून धरला. समोर त्यानं अजून एक उंच उडवला, आणि इकडे मामा तिसाव्या रनपर्यंत पोचला होता.